पंच वाडीतलेच हवेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात चार ओळींची एक बातमी होती. खाडीत बांधून ठेवलेल्या होडीचे इंजिन चोरीला गेले, त्या प्रकरणी संशयिताच्या घराची झडती झाली आणि एकाला चौकशीसाठी ताब्यात घेतले, एवढाच तिचा मजकूर. ते घर आमच्या वाडीतले. ज्यांना ताब्यात घेतले ते संशयित नव्हतेच, ते त्याचे काका. वय ६४. पुतण्या बोटीवर खलाशी आहे आणि त्या दिवशी तो समुद्रात होता. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. नावे मात्र मुद्दाम दिलेली नाहीत.

पहाटे साडेपाचला जीप पाणंदीच्या तोंडाशी थांबली. माझे घर वरच्या अंगाला असल्याने मी पोहोचेपर्यंत झडती आटोपली होती. माळ्यावरचे सगळे सामान अंगणात, भाताची कणगी उपसलेली, मांगरातली सुकी लाकडे विस्कटलेली. सापडले काहीच नाही. पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार म्हणून दोन माणसे होती, पण ती बाजारपेठेतून जीपमधूनच आलेली. ना त्यांनी हे घर कधी पाहिले होते, ना घरच्यांनी त्यांना. त्यांनी कागदावर सह्या केल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. घरच्यांच्या हाती एक चिटोरेही पडले नाही. कुंपणाच्या गडग्याजवळ उभ्या असलेल्या वहिनी मला विचारत होत्या, "भावजीनू, ह्येंका खंय नेल्यानी?" मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने काका परत आले. दिवसभर बाकावर बसवून ठेवले होते.

मी तालुका न्यायालयात २९ वर्षे नोकरी केली. पंचनाम्याचे हजारो कागद माझ्या हाताखालून गेले. म्हणून पोलिसांनी काय करायला हवे होते तेवढेच लिहून मला थांबता येत नाही. त्या पहाटे एका शिपायाने गडग्यापाशी उभ्या असलेल्या आमच्याच तिघांना विचारले होते, पंच म्हणून येता का? तिघांनीही नकारार्थी मान हलवली. "माका कोर्टाची पायरी नको," असे त्यातला एक जण नंतर मला म्हणाला. हे कळल्यापासून मला झोप लागलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय घर झडता येते, पण मनाला येईल तसे नाही. वॉरंट आणण्यात वेळ का घालवता येत नाही आणि कोणती वस्तू शोधायची आहे, हे त्याने आधी लेखी नोंदवायचे असते. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. घरमालकाने अर्ज केला तर तीच प्रत त्याला फुकट मिळते. हे कलम १८५ मध्ये आहे, आणि माझ्या आठवणीत असा अर्ज करणारा घरमालक एकही नाही. नव्या संहितेत कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती पंचांच्या सह्यांपर्यंत, शक्यतो मोबाइलवर, चित्रित करावी लागते. त्या पहाटे कोणाच्या हातात मोबाइल धरलेला मी पाहिला नाही, आणि आधी चित्रण झाले होते असे घरचेही सांगत नाहीत.

आता पंच. कलम १०३ म्हणते की झडतीला त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत. वस्तीतला कोणी मिळाला नाही किंवा तयार झाला नाही, तरच दुसरीकडचा. म्हणजे आपण मान हलवली की जीपमधून आलेले पंच कायदेशीर होतात. ते दार आपणच उघडून देतो. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहता येते आणि जप्त वस्तूंच्या यादीची पंचांच्या सह्यांची प्रत त्याला द्यावी लागते. पण पहाटे घाबरलेल्या माणसाला हे मागायचे सुचणार कसे? ते वाडीतल्या पंचाने मागायचे. आत शिरण्यापूर्वी पोलिसांनी आणि पंचांनी आपली अंगझडती घरमालकाला द्यावी, ही जुनी चांगली पद्धत आहे. तीही पंचानेच आठवून द्यावी. आणि लिहून झालेला कागद वाचल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

नेहमीच्या पंचांमुळे पोलिसांचेही नुकसान होते, हे मी कोर्टात बसून पाहिले आहे. तोच पानवाला, तोच टपरीवाला दर दुसऱ्या खटल्यात पिंजऱ्यात उभा राहतो. आरोपीचा वकील विचारतो, याआधी किती पंचनाम्यांवर सही केलीत? तिथेच साक्ष ढासळते. झडतीत त्रुटी राहिली म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही, पण ती तिथेच सापडली यावर न्यायाधीशाचा विश्वास बसावा लागतो. ज्याचे इंजिन गेले तो मच्छीमारही आपल्यातलाच. त्याला न्याय मिळायचा तर खरा पंच त्यालाही हवाच.

कोर्टाच्या पायरीची भीती मला समजते. त्याच कलम १०३ मध्ये लिहिले आहे की न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय झडतीच्या पंचाला साक्षीला जावे लागत नाही. समन्स आले तर जावे लागते, आणि तारखा पुढे ढकलल्या जातात, ही तक्रार खरी आहे. रोजची मजुरी बुडते. तरी लेखी हुकूम मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे.

काकांना नेले त्याबद्दल थोडक्यात. ६० वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला त्यांची तयारी नसताना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे असते. 'चौकशीसाठी ताब्यात' अशी मधली अवस्था कायद्यात नाही. माणूस एक तर अटकेत असतो, नाही तर उठून घरी जायला मोकळा. अटक असेल तर अटकेच्या पंचनाम्यावर घरच्याची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते, नातेवाइकाला कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. पुतण्याचे म्हणाल तर साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे हे लिहून दाखवावे लागते. एरवी हजर राहण्याची नोटीस पुरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हेच बजावले होते.

पोलिसांबद्दल मनात राग ठेवून लिहीत नाही. १९९३ साली रायगडात दिघी-शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांची शस्त्रे आणि स्फोटके उतरली, हे कोकणातला कोणी विसरलेला नाही. किनाऱ्यावर पोलिसांची नजर हवी. मोजकी माणसे हाताशी धरून लांबच लांब किनारा आणि डोंगरातल्या वाड्या सांभाळणे सोपे नाही. म्हणूनच अपरात्री हाकेला ओ देणारी माणसे त्यांना वाडीतच मिळायला हवीत.

आम्ही आमच्यापुरते एवढे केले आहे. रविवारी देवळात बैठक झाली. चौघांनी नावे दिली, त्यात दोन बाया आहेत आणि त्या पहाटे नकार देणाऱ्या तिघांपैकी एक आहे. आमच्या वाडीत कधीही, कोणाच्याही घराची झडती असली तर आम्हाला बोलवा, आम्ही पंच म्हणून येऊ, असा अर्ज पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात दिला. त्या अर्जाखाली चौघांचे मोबाइल क्रमांक आहेत. काकांनी झडतीच्या नोंदीच्या प्रतीसाठी वेगळा अर्ज केला आहे. दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या माझ्या कपाटात आहेत. प्रत मिळाली की आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
जि. सिंधुदुर्ग