व्हिसा नाकारलेल्या लेकीस

बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, धड बोलता आलं नाही. व्हिसा नाकारला, कारण सांगितलं नाही, आणि गाईड म्हणतात की परदेशातल्या अल्पसंख्याकांवरचा तुझा संशोधनाचा विषयच बदलून टाक. माझं म्हणणं एवढंच आहे, विषय सोडू नकोस. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांचं पुस्तक तू मागच्या सुट्टीत इथंच विसरून गेलीस. ते वाचलं, मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. त्यांचे सिद्धांत तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. मला त्यांनी आयुष्यभर काम कसं केलं ते तुझ्याशी बोलायचं आहे.

जन्म 1936 चा, चीनमधल्या कुनमिंगचा. वडील तिथल्या कस्टम्स खात्यात होते. लढाईच्या दिवसांत कुटुंब अमेरिकेत गेलं, तिथून आयर्लंडला. केंब्रिजला लॅटिन-ग्रीक शिकून ते कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज केहिन यांच्या हाताखाली आले आणि 1961 च्या अखेरीस इंडोनेशियातल्या जावा बेटावर पोचले. 1964 पर्यंत तिथंच राहिले. इंडोनेशियन शिकले, जावानीज शिकले, गामेलान हा तिथला वाद्यवृंद वाजवायला शिकले, रात्र रात्र वायांगचे खेळ पाहिले. आपल्या पिंगुळीच्या ठाकरांकडे असतात तशा चामड्याच्या बाहुल्या, आणि गोष्टी महाभारताच्या! तिथले मुसलमान शेतकरी अर्जुन, भीम, कर्ण यांच्यात आपापला नायक शोधत. एकाच समाजात इतक्या वेगवेगळ्या स्वभावांना मान कसा मिळतो, यावर त्यांनी 1965 मध्ये छोटंसं पुस्तक लिहिलं.

त्याच वर्षी ते सगळं कोसळलं. 1 ऑक्टोबरच्या पहाटे सहा सेनापती मारले गेले, सैन्यानं कम्युनिस्ट पक्षाला जबाबदार धरलं आणि पुढच्या काही महिन्यांत किमान पाच लाख माणसांची कत्तल झाली असं मानतात. अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेलच्या गावी, इथाकात बसून, हाती आलेल्या वर्तमानपत्रांवरून जानेवारी 1966 मध्ये एक टिपण तयार केलं. हा कट मुळात सैन्याच्याच आतला दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. टिपण गुप्त ठेवायचं ठरलं होतं, ते फुटलं. 1972 मध्ये त्यांना इंडोनेशियातून बाहेर काढलं. तिथले हुकूमशहा सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर, 1998 मध्ये, ते परत पाय ठेवू शकले.

पोरी, सव्वीस वर्षं. काही लोक म्हणतात की बंदी आली म्हणूनच ते मोठे झाले. मला हे बोलणं पटत नाही. ज्या भाषेत मित्र केले ती कानांवर पडणं बंद व्हायचं, मित्र दूर म्हातारे होत जायचे, यात बरं काही नाही. तुझ्या बाबतीतही कुणी असं म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. पण बंदीच्या काळात त्यांनी काय काय केलं ते मात्र बघ. ते थायलंडला गेले, थाई शिकले. पुढं फिलिपिन्सकडे वळले आणि तिथले राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या कादंबऱ्या शब्दकोश उघडून वाचत स्पॅनिश शिकले. 1978-79 मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, चीन हे सगळे साम्यवादी म्हणवणारे देश आपापसांत लढले, तेव्हा राष्ट्र या गोष्टीची पकड इतकी घट्ट का, हा प्रश्न त्यांनी धरला. 1983 चं ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ हे त्यांचं प्रसिद्ध पुस्तक त्यातून आलं.

आणि इंडोनेशिया त्यांनी सोडला नव्हताच. मारल्या गेलेल्या सेनापतींचे डोळे काढले, अवयव कापले, अशा कहाण्या तिथल्या वर्तमानपत्रांनी छापल्या होत्या आणि त्यानं लोक पेटले होते. खुद्द सुहार्तोंच्या हुकमानं झालेले शवविच्छेदनाचे अहवाल अँडरसनना खटल्याच्या कागदपत्रांत सापडले. त्यांत असलं काही नव्हतं. 1987 मध्ये त्यांनी ते छापले. देशात शिरता येत नसताना केलेलं हे काम आहे!

तुझ्या विषयाला सगळ्यात जवळची गोष्ट तर वेगळीच आहे. जावात असताना त्यांना जुन्या पुस्तकांत 1947 चं, टोपणनावानं छापलेलं एक पुस्तक मिळालं. डचांचा शेवट, जपानी अंमल, मग स्वातंत्र्याची लढाई, हे सगळं तिथल्या चिनी अल्पसंख्याकांपैकी एकानं मलाय, जावानीज, डच आणि होक्किएन ही चिनी बोली अशी सरमिसळ करत लिहिलेलं. स्वातंत्र्य येत होतं तेव्हाच आपल्या माणसांवर हल्ले होत होते, हे त्यानं लिहून ठेवलं, तरी तो देश त्यानं परका मानला नाही. हा लेखक कोण, याचा पत्ता अँडरसन वर्षानुवर्षं लावत राहिले. तो क्वी थियाम त्जिंग नावाचा पत्रकार निघाला, 1974 मध्येच वारलेला. 2004 मध्ये ते पुस्तक पुन्हा छापून आलं. त्यांच्या सगळ्या कामात मला हे मोलाचं वाटतं.

तू या विषयाकडे का वळलीस ते मला ठाऊक आहे. आपल्या गल्लीत सकाळी एका दारात मराठी पेपर पडतो, शेजारच्या दारात कन्नड. एकच पेपर वाचणारी, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं ‘आपण’ होतात, असं अँडरसन सांगतात. दुसऱ्या दारातल्या माणसाचं काय होतं, हे तू बारावीत असताना मला विचारलं होतंस. राज्यं 1956 मध्ये बदलली आणि आपण अल्पसंख्य झालो, पण पलीकडच्या अक्का आजही आपल्या घरी होळीगे, म्हणजे पुरणपोळ्या, पाठवतात. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून विचार करणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तू त्यांतली आहेस असं मला मनापासून वाटतं.

बंदी उठल्यावर अँडरसन 1999 मध्ये जकार्तात बोलले. राष्ट्रवाद म्हणजे पूर्वजांकडून आलेला वारसा नव्हे, आज आणि उद्यासाठी सगळ्यांनी मिळून हाती घेतलेलं काम आहे, आणि त्यासाठी त्याग स्वतःचा करायचा, दुसऱ्यांचा बळी द्यायचा नाही, असा त्या बोलण्याचा गाभा होता. स्वागताला आलेल्या मित्रांनाही त्यांनी त्या दिवशी कडक शब्दांत सुनावलं. 2015 च्या डिसेंबरात ते जावातच गेले. दोन-तीनच दिवस आधी त्यांनी तिथल्या विद्यापीठात व्याख्यान दिलं होतं.

आता कामाचं. गाईडना सांग की विषय तोच राहील, फक्त फिल्डवर्क मागे जाईल. ज्या लोकांचा तू अभ्यास करतेस त्यांची जुनी वर्तमानपत्रं आपल्या देशातल्या कुठल्या ग्रंथालयात आहेत ते शोध. तुझ्या शहरात त्यांची भाषा बोलणारं एखादं कुटुंब असेल तर शिकवणी लाव, फीचं मी बघते, पेन्शन पुरते. व्हिसाचा अर्ज दरवर्षी करत राहा. बाबांना तुझ्या नोकरीची काळजी आहे, त्यांच्याशी मी बोलेन. तू गाईडशी बोल आणि काय ठरलं ते रविवारी कळव.

तुझी
आई