चि. वरच्या मजल्यावरच्या लेकीस

चि. बाळ, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुट्टी संपवून पुण्याला गेलीस आणि माझं मनातलं राहूनच गेलं. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते. लिहिते म्हणजे बोलते आहे, फोन मराठीत उतरवून घेतो आहे. कीबोर्डावरचा माइक तूच दाखवलास. गूगलनं ही सोय मराठीत २०१७ सालीच आणली, हे तू सांगितलंस तेव्हा फार हळहळ वाटली. तेव्हापासून मी एकेका अक्षरासाठी चाचपडत होते ना!

काचबिंदूनं माझी कडेची नजर गेली. समोरचं तेवढं दिसतं. पडद्यावरचं बटण शोधेपर्यंत फोन अंधारून जातो. दुकानात नेला तर तिथल्या मुलानं भराभर काहीतरी करून परत हातात दिला. घरचेही प्रेमानंच, पण ‘द्या इकडे’ म्हणून फोन काढून घेतात. तू चार संध्याकाळी शेजारी बसलीस आणि एकदाही फोन माझ्या हातातून घेतला नाहीस. माझं बोट चुकलं तरी थांबलीस. बाळ, त्याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

माझ्या फोनमधली नावं थोरल्यानं इंग्रजीत, आडनावांसकट भरलेली. मी ‘माईला फोन लाव’ म्हणायची आणि फोनला माई सापडायची नाही. तू विचारलंस, ‘काकू, तुम्ही यांना काय हाक मारता?’ आणि माझ्याकडूनच तशी नावं भरून घेतलीस: माई, दूधवाला, डोळ्यांचे डॉक्टर. आता पहिल्या हाकेला फोन लागतो.

कानातल्या यंत्राचं कोडंही तूच सोडवलंस. ते आधी थोरल्याच्या फोनला जोडलेलं, त्यामुळे तो घरात असला की त्याच्याकडेच पळायचं. आधी त्याच्या फोनमधून काढायला लावलंस, मग माझ्या ब्लूटूथला जोडलंस. निळा दिवा मला दिसत नाही हे ध्यानात घेऊन म्हणालीस, ‘बटण दाबून सात आकडे मोजा, टुंग वाजलं की सोडा.’ मी अजून मोजते.

स्वयंपाकघरात फोन मुका का होतो, हेही तुझ्यामुळे कळलं. आमच्या वायफायची दोन नावं. वेगवान ५ गिगाहर्ट्झचं भिंतीपलीकडे पोचता पोचता क्षीण होतं, २.४ चं संथ असलं तरी ओट्यापर्यंत येतं. माझी बहुतेक कामं नेटवरच चालतात, म्हणून तू दुसरं जोडून दिलंस. पैशाचे व्यवहार मात्र आवाजावर ठेवायचे नाहीत, हे बजावलंस तेही बरं केलंस.

परवा रात्री अडीचला वीज गेली. अंधारात मला अजिबात दिसत नाही, एरवी उजाडेपर्यंत पलंगावरच बसून राहिले असते. उशाशी फोन होता. ‘टॉर्च लाव’ म्हटलं आणि खोलीत उजेड पडला. उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन झोपले. कुणाला उठवावं लागलं नाही.

गणपतीला येशील ना? माई तेव्हा इथेच असेल, तिचा फोन घेऊन. नावं भरायला मी तिला शिकवलंय, पण तिच्या कानातल्या यंत्राला बटणच सापडत नाही.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू