हातभर लांब पाल आणि हरवलेलं लेबल

संपादक साहेब, नमस्कार.

परवा किचनमध्ये ट्यूबलाइटमागून पाल निघाली, बायको झाडू घेऊन तयार, आणि मला मात्र मार्सेलची पाल आठवली. फ्रान्समधल्या मार्सेलच्या म्युझियममध्ये भुसा भरलेली एक पाल शंभरएक वर्षं नुसती पडून होती, पिवळट तपकिरी अंग, पाठीवर लालसर पट्टे, आणि लांबी शेपटीसकट सुमारे ६० सेंटीमीटर, म्हणजे हातभरच की हो! जगातली माहीत असलेली सगळ्यात मोठी पाल ही, पण कुठून आणली त्याचं लेबलच नाही. १९७९ मध्ये तिथल्याच देलकूर नावाच्या माणसाचं लक्ष गेलं आणि १९८६ मध्ये नवी जात म्हणून जाहीर झाली.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या गोष्टींत एका मोठ्या पालीचा उल्लेख येतो, त्यावरून सगळे म्हणाले ही न्यूझीलंडची. पण २०२३ मध्ये हाडातला डीएनए तपासला तर निघाली पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाची! जिवंत कोणाला सापडलेली नाही, बहुतेक संपलीच असावी, पण तिकडची जंगलं दाट आणि ही रात्री हिंडणारी असणार म्हणून काहीजण अजून आशा धरून आहेत.

मला वाईट वाटतं ते लेबलचं. आणणाऱ्याने एका चिठ्ठीवर बेटाचं नाव टाकलं असतं तर लोक चाळीसेक वर्षं चुकीच्या देशात शोधत बसले नसते. आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्येही जुन्या बरण्या असतात, स्पिरिट आटलेलं, चिठ्ठी गळून पडलेली. जरा बघा म्हणावं कुणीतरी.

आमची पाल परत ट्यूबलाइटमागे गेली.

– एक वाचक, सातारा