शनिवारी कोरडा दिवस : खोलीत कुणीतरी थांबा

वसतिगृहातील सर्व विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

येत्या शनिवारी सकाळी ८ ते १० या वेळेत आपल्या गंगापूर रोडच्या वसतिगृहात डेंग्यू टाळण्यासाठी कोरडा दिवस पाळायचा आहे, म्हणजे साचलेले पाणी ओतून भांडी कोरडी करायची आहेत. प्रत्येक खोलीत किमान एकजण हवा. गावी जाणाऱ्यांनी किल्ली रेक्टर सरांकडे द्यावी.

डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून हे दर आठवड्याला करायचे.

• बादल्या, पिंपे रिकामी करून आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून भागत नाही.
• उन्हाळ्यापासून तसेच पडलेले कूलर पुसून कोरडे करा.
• खिडकीतल्या मनी प्लँटच्या बाटल्याही! (मागच्या वेळी सगळ्यात जास्त अळ्या तिथेच निघाल्या.)

ताप आला तर परीक्षा जवळ आहे म्हणून अंगावर काढू नका. लगेच विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात दाखवा. तोवर पॅरासिटामॉल चालेल. ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. रूममेटला ताप असेल तर आम्हाला कळवा.

– आरोग्य समिती, वसतिगृह