बाखचं मटण आणि पप्पांचं मुसळ

प्रिय आई-पप्पा,
जय ख्रिस्त.

परवा फोनवर मी सांगितलं की आमच्या इथल्या इंग्लिश संगतीत, म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या गटात, प्रार्थना चालू असताना सगळ्यांना हसू फुटलं, तर आई तू लगेच म्हणालीस, देवाच्या घरात कसले दात काढता. अगं पण नगरच्या आपल्या ख्रिस्तमंदिरात सगळ्यात आधी कोण हसायचं ते पप्पांनाच विचार ना! आपली मावशी प्रार्थनेला उभी राहिली की प्रभू माझा भाचा हडपसरला फ्लॅट घेतोय, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाहीये, बँकवाला अजून एक कागद मागतोय, म्हणजे देवापुढे अख्खी फाईलच, आणि इकडे तू पदर तोंडात कोंबून बसलेली, खांदे गदागदा हलतायत, आणि तुझ्याकडे बघून आम्ही पोरं अजून. त्याने कुणाची भक्ती कमी झाली नाही. फ्लॅटपण झाला.

इकडे जर्मनीत लाइपझिगला आल्यापासून जमेल तेव्हा मी शनिवारी दुपारी 3 ला थॉमस चर्चला जाते, तिथे मुलांचा कॉयर गातो. संगीतकार बाख याच चर्चचा, 1723 पासून 1750 ला वारला तोपर्यंत, पोरांना शिकवण्यापासून रविवारच्या संगीतापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. आता चर्चच्या पुढच्या भागात जमिनीतच त्याची कबर आहे, लोक फुलं ठेवतात. मला वाटायचं हा माणूस कायम गंभीर, तो विग, ते जाड भुवयांचं चित्र, त्यात रचना संपली की खाली 'गौरव फक्त देवाला' असं लॅटिनमध्ये लिहायचा. पण त्याचं चरित्र लिहिणाऱ्या फोर्केलने सांगून ठेवलंय की बाख मंडळी वर्षातून एकदा जमायची तेव्हा सुरुवात उपासनेच्या गीताने व्हायची आणि मग तीच माणसं चावट, गमतीची लोकगीतं एकात एक मिसळून गायची आणि पोट धरून हसायची. अगदी आपल्याकडच्या नाताळसारखं, भजन संपलं की काका सुरू.

आणि हे तर आई खास तुझ्यासाठी. 1741 ला त्याची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही रचना छापली गेली, एकाच पायावर 30 प्रकार, त्यातला शेवटचा म्हणजे असाच गाण्यांचा काला, आणि त्यातल्या एका गाण्याचा अर्थ असा की कोबी आणि सलगम खाऊन खाऊन मी पळालो, आईने मटण शिजवलं असतं तर अजून राहिलो असतो. मी इथल्या कँटीनचा कोबी खाते म्हणून सांगते, हे अगदी मनापासून लिहिलेलं आहे.

पप्पा, तुम्ही संडेस्कूलला आजीचं खरंखुरं मुसळ घेऊन आला होतात, डोळ्यापाशी आडवं धरून समोरच्या पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालात, ते मुसळ पाळकसाहेबांच्या डोक्याला लागता लागता राहिलं. मत्तयाचा सातवा अध्याय मला त्या दिवशी जो कळला तो आजपर्यंत पुसला नाही. येशूने हे सांगितलं तेव्हा ऐकणारे नक्की हसले असतील, मी पैज लावते. आणि आई, लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे तुझ्या उशाशी असतात ना? नवऱ्याच्या, म्हणजे कवी ना. वा. टिळकांच्या विसरभोळेपणाची त्यांनी काय कमी टोपी उडवली आहे, म्हणून काय त्यांचा विश्वास कच्चा होता का.

आता कामाचं. नाताळात संगतीत मला एक मराठी भजन म्हणायला सांगितलंय आणि मी ना. वा. टिळकांचंच म्हणणार. टिळकांनी भजनं अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली म्हणून ती टाळावर बसतात, परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांत मला तरी ती मजा येत नाही (पप्पांना हे पटणार नाही, माहितीये). आपल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात शब्द आहेत पण आपल्या मंदिरातली चाल कुठून आणू, यूट्यूबवर तिसरीच काहीतरी आहे. तर पप्पा, पेटीवर आधी नुसती चाल, मग शब्दांसकट, असं सावकाश वाजवून व्हॉट्सॲपवर पाठवा, मधला तो अडकणारा सूर आला तरी चालेल, मी समजून घेईन. कोणतं भजन ते तुम्ही ठरवा, पण सोपं, इथे टाळ धरणारे सगळे नवशिके आहेत, एक नायजेरियाचा मुलगा सोडला तर, तो आपल्या सगळ्यांपेक्षा लयीत आहे. आणि आई, रेकॉर्डिंग चालू असताना कुकर लावू नकोस प्लीज, मागच्या वेळी अंतऱ्याला तीन शिट्ट्या आल्या होत्या.

तुमची,
मनू