पेन्सिलवाल्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

परवा कॉलेजच्या सामन्याचं थेट प्रक्षेपण नऊच्या नऊ इनिंग सुरळीत झालं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या आमच्या धावफलकाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणजे तो बरोबर चालला. श्रेय तुमचं. तोंडावर आभार मानू देत नाही तुम्ही, म्हणून हे जाहीर पत्र.

बॉस्टनला आलो तेव्हा, क्रिकेटची स्कोअरबुक लिहिता येते मग बेसबॉल काय, अशी माझी घमेंड होती. तुम्ही रेडिओ लावलात, कागद पुढे सरकवलात आणि म्हणालात, "लिही, ६-४-३." मैदानातल्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो: शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) चेंडू सेकंड बेसमनकडे, तिथून फर्स्टला, दोघं बाद. शॉर्टस्टॉप पाच नसून सहा, हे डोक्यात शिरायला मला महिना लागला! स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक झाल्यावर, 'के' का, तर 'स्ट्रक'चं शेवटचं अक्षर म्हणून, आणि ही पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविक मुळात क्रिकेटचा वार्ताहर, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पहिल्याच प्रक्षेपणात आमची फजिती झाली. दोन बाद होते (तिसरा बाद झाला की बाजू बदलते), बॅटरला तिसरा स्ट्राइक पडला आणि सॉफ्टवेअरने इनिंग संपवून टाकली. इकडे कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या खेळाडूच्या, हातून चेंडू निसटलेला, बॅटर पहिल्या बेसवर पोचलेला, आणि आमच्या पाटीवर मात्र बाजू बदललेली. तुमचा फोन आला: "अरे, तो धावतोय! आधी बघ, मग लिही." अशा वेळी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर स्ट्राइकआउट लागतो, पण बाद कोणीच होत नाही. मी दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं होतं.

त्या रात्री तुमचा खोडरबर आठवला. हिट (बॅटरचं श्रेय) दिलेली नंतर एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) ठरली की तुम्ही एकच चौकोन खोडता आणि बेरजा पुन्हा करता. आम्ही बेरजाच साठवत होतो. आता घडलेली प्रत्येक गोष्ट क्रमाने साठवतो. मधली एक बदलली की पुढचं सगळं पुन्हा मोजलं जातं. दोन आठवडे जुना कोड फेकण्यात गेले. तेव्हा मनातल्या मनात तुमच्यावर चिडलो होतो, हे आज कबूल करतो.

आता एक शंका. २६ जून २०२४ ला बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर टोरांटोविरुद्धचा पावसाने थांबलेला सामना २६ ऑगस्टला पुढे सुरू झाला. डॅनी जॅन्सन जूनमध्ये टोरांटोकडून बॅटिंग करत होता. मधे तो बॉस्टनकडे आला आणि स्वतःच्याच अर्धवट राहिलेल्या पाळीला बॉस्टनचा कॅचर म्हणून मागे बसला. एका सामन्यात एक खेळाडू एकाच संघाचा, हे आमच्या डेटाबेसमध्ये अगदी पायात ओतलेलं गृहीतक.

तुमच्या कागदावर तो दोन्हीकडे असणार. शनिवारी येतो, ते पान काढून ठेवा.

तुमचा,
शॉर्टस्टॉपला पाच म्हणणारा