ठेक्याविना नाचताना

वडोदरा

चि. ओजस यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इथे आधुनिक नृत्याच्या वर्गात संगीत बंद करून नाचायला लावतात. मी मनात तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, धरतो, तर सर म्हणतात मोजणं थांबव. मग धरू तरी काय?" हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सगळा जन्म कथकच्या साथीत घालवला. तिथे नगमा, म्हणजे तीच ती फिरणारी धून, वाजतो, तबल्याचा ठेका चालू असतो, आणि नाचणारा त्यावर हवा तसा फिरून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. लय आधीच हजर असते. तुला आता ती स्वतःच्या अंगातून काढायची आहे. सर मोजणं थांबवायला सांगतात, लय सोडायला सांगत नाहीत. ह्यात मोठा फरक आहे.

एक करून बघ. हात सैल सोड आणि खांद्यापासून झुलव. मग दंड स्थिर धरून कोपरापासून नुसता पुढचा हात झुलव. दुसरा झोका भरभर होतो. लांब लटकणारी वस्तू सावकाश झुलते, आखूड लवकर. ही गोष्ट वजनापेक्षा लांबीवर ठरते. म्हणजे तुझ्या हाताची, पायाची, धडाची लय वेगवेगळी आहे आणि ती तुला कोणी दिलेली नाही. तू घरात सगळ्यांत उंच. शेजारच्या मुलाच्या वेगाने पाय झुलवायला गेलास की मांडी आवळते, झोका मरतो आणि उरतो नुसता उचललेला पाय. तुझ्या व्हिडिओत मला नेमकं हेच दिसलं. आठाच्या मोजणीत बसवायला तू पायाला ओढत होतास.

आधुनिक नृत्य घडवणाऱ्या अमेरिकन नर्तकींपैकी डोरिस हम्फ्रीने सगळं तंत्र पडणं आणि सावरणं ह्यावर उभारलं, आणि पुढे तिचा शिष्य होसे लिमोनने ते वाढवलं. त्यात पडण्याआधी वर जो क्षणभर थांबा असतो तो मला फार जवळचा वाटतो. तिहाईत एकच बोलसमूह तीनदा येतो; दमदार तिहाईत त्या दोन पल्ल्यांच्या मध्ये जो दम, म्हणजे विराम, असतो ना, तसाच तो. तिथे काही वाजत नाही, पण काळ चालू असतो. तू तो थांबा खातोस. वर गेलास की लगेच खाली. तिथे राहायला शीक.

त्याच काळातल्या मार्था ग्रॅहमच्या तंत्रातलं आकुंचन श्वासावर आहे: श्वास सोडताना ओटीपोट आत जातं, कणा तळापासून वळतो, आणि श्वास घेताना सुटतो. सुरुवात खालून व्हायला हवी. नुसती छाती आत ओढलीस तर ते पोक काढणं झालं. कथकने तुला ताठ कणा दिला आहे, म्हणून हे तुला जड जाणार. जाऊ दे. रोज थोडं कर.

आणि संगीताशिवाय नाचणं म्हणजे परदेशातलं काहीतरी आपल्यावर लादलंय, असं मनात आणू नकोस. अमेरिकेतले नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत वेगवेगळं तयार करत. दोन्हींत समान फक्त कालावधी. तालमीत नर्तक स्टॉपवॉचवर काम करत, संगीत अनेकदा थेट प्रयोगालाच ऐकत. साथ करणाऱ्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. मलाही पटायला वेळ लागला. पण केजला आपलं संगीत 1946 साली शिकवलं अहमदाबादच्या गीता साराभाईंनी, आणि त्या पखवाज, म्हणजे मृदंगासारखं तालवाद्य, वाजवायच्या. पुढे 1964 च्या जगदौऱ्यात कनिंगहॅमची मंडळी अहमदाबादला आली होती. इथून दोन तासांवर! आपल्या सूरसागरच्या काठी बसून मी ह्याचा विचार करतो तेव्हा ही विद्या मला अजिबात लांबची वाटत नाही.

तुझ्याबरोबरचा कोणी म्हणाला, कथक पूर्ण पुसून टाक, तरच नवं येईल. हे मला मान्य नाही. आपल्या नवसारीत जन्मलेले नर्तक अस्ताद देबू आधी कथक शिकले, मग लंडनला ग्रॅहमचं तंत्र, न्यूयॉर्कला लिमोनचं, आणि नंतर परत येऊन कथकली. त्यांनी काही पुसलं नाही. अहमदाबादच्या कथक गुरू कुमुदिनी लाखियांनी तर कथकमध्येच राहून समूहाच्या रचना केल्या आणि कथा सांगण्यापलीकडे त्याला नेलं.

म्हणून स्वतःची रचना करायला सांगतील तेव्हा रिकाम्या खोलीत काहीतरी सुचायची वाट बघत बसू नकोस. कथकचा तुझा एखादा पाठ असलेला तुकडा, म्हणजे बोलांवर बांधलेली छोटी रचना, घे. पाय काढून टाक, तो फक्त पाठीने कर. मग जमिनीवर झोपून कर. हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबानने हालचालीत वजन, अवकाश, वेळ आणि प्रवाह बघायला शिकवलं. त्यातली एकच गोष्ट बदल. जड होता तो हलका कर, अचानक होता तो रेंगाळू दे. बाकी काही बदलू नकोस, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळायचं नाही. बोल मात्र तोंडाने म्हणू नकोस, ती सवय तुला लागलेली आहे.

पडण्याचा सराव करताना गुडघा आधी टेकवायचा नाही. पोटरीची बाजू, मांडी, नितंब असं क्रमाने जमिनीला दे. तत्काराने, म्हणजे कथकच्या पदन्यासाने, तुझे गुडघे आधीच पुष्कळ सोसून आहेत. दुखलं तर लपवू नकोस, वर्गात सांग.

आईने भाकरवडी आणि लिलो चेवडा पाठवलाय, चेवडा आधी संपव. गणपतीत सुट्टी मिळते का ते वेळेवर कळव, तिकिटं मिळत नाहीत.

पुढचा व्हिडिओ पाठवशील तेव्हा त्यावर गाणं चढवू नकोस, वर्गातला मूळ आवाज राहू दे. तू कुठे श्वास घेतोस ते मला ऐकायचं आहे. मग लिहीन.

तुझा,
बाबा